राणीच्या खिडकीतलं हसू

गल्लीने त्यांचं नाव ‘रेडिओकाका’ ठेवलं होतं, पण घरी हा रेडिओ बहुतेक वेळ बंदच असायचा. रोज सकाळी पर्यटकांचा एक गट, दुपारी एक गट. चोवीस वर्षं पाहुण्यांना नदीकाठचं जुनं शहर दाखवायचं, संध्याकाळी घसा बसवून घरी यायचं, मग बायकोशी बोलायला उरणार काय? “हो”, “नाही”, “वाढ”. संपल्या बातम्या!

काकूंनी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. हसू नका. लांबलांबचे लोक विमानाने येऊन जे बघतात, ते दोन मैलांवर राहणारा माणूस उद्यावर टाकतो. आधी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलीच्या शाळा-परीक्षा, आणि त्यातून मोकळ्या होतात तोवर गुडघे. या वर्षी उजवा गुडघा पारच रुसला, तेव्हा काकूंनी जाहीर केलं, “पायऱ्या चढता येताहेत तोवर एकदा तुमचं काम बघून घेते. मागाहून फोटो दाखवाल, ते नकोत मला.”

“गटात घरचं माणूस चालत नाही,” काका घाईघाईने म्हणाले. “नियम आहे.”

नियम कसला नि काय! बायकोसमोर बोलायचं म्हटल्यावर साठीला टेकलेला माणूस घाबरला होता, एवढंच.

“मग मी घरची नाहीच,” काकू म्हणाल्या. “रांगेत उभी राहून तिकीट काढीन. ओळख दाखवू नका म्हणजे झालं.”

त्या दिवशी काकांनी शर्टाला दोनदा इस्त्री केली. बायकोने आयुष्यभर त्यांचे मळलेले कपडे पाहिले, दुखणारा घसा पाहिला. आज तिने त्यांचं बोलणं ऐकावं आणि मनात का होईना ‘वा!’ म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तुम्हाला ती लहान वाटेल. त्यांना वाटत नव्हती.

आणि सकाळ काय रंगली म्हणता! नदीतल्या पडक्या पुलाचे खांब झाले, खिळ्यांचा दरवाजा झाला. शिलालेखात कारागिराने एक अक्षर चुकून दोनदा कोरलंय, ते शोधायला काकांनी सगळ्यांना लावलं. काकूंनी चष्मा पुसला, भिंतीला नाक लावलं आणि सगळ्यांच्या आधी बोट ठेवलं. “सापडलं!” लहान मुलीसारखा चेहरा फुलला त्यांचा. काकांना गगन ठेंगणं झालं. आवाजाला अशी धार चढली की दुसऱ्या गटातली माणसंसुद्धा येऊन ऐकू लागली.

तशाच भरात ते राजवाड्यातल्या राणीच्या खिडकीशी पोचले.

“राजा नदीपार लढाईला गेला आणि राणी या खिडकीत अकरा वर्षं वाट बघत बसली. अकरा वर्षं!” इथे काका नेहमी थांबत, भुवई उडवत. “नाहीतर आमची ही! एकदा बोट अडकली, मला घरी जायला अकरा तास उशीर झाला, तर बाईसाहेब आतून कडी लावून घोरत पडलेल्या!”

गट खो-खो हसला. आणि मग काकांच्या लक्षात आलं. अरे देवा! रोज दोनदा बोलून बोलून जिभेला इतकी सवय झाली होती की ती कुणाला विचारत नव्हती.

काकूंच्या शेजारची बाई हळहळली, “बिचारा! काय बायको पदरात पडलीय.”

“हो ना,” काकू म्हणाल्या आणि सगळ्यांबरोबर हसल्या. ते हसणं काकांच्या काळजात घुसलं.

कारण खरं काय घडलं होतं ते दोघांनाच ठाऊक होतं. बोट वाळूत रुतली होती, काका पोचले ते सकाळी. दार सताड उघडं. उंबऱ्यात काकू, मांडीवर तापाने फणफणलेली मुलगी, नजर रस्त्याला लागलेली. काका त्यांना ओलांडून आत गेले आणि म्हणाले, “चहा टाक.” दुसऱ्या दिवशी गट जांभया देत होता, तेव्हा कडी आणि घोरणं त्यांना तिथल्या तिथे सुचलं. हशा पिकला. मग रोजच पिकत राहिला.

दुपारी दोघं राजवाड्याच्या पायऱ्यांखालच्या बाकावर डबा खायला बसली.

“कडी लावली नव्हती मी,” काकू म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“मग?”

“खरं सांगितलं तर लोक हसत नाहीत गं.”

“बरं,” म्हणून काकूंनी डब्याचं झाकण लावलं. या ‘बरं’चा अर्थ लग्न झालेल्या कुणालाही विचारा. गुडघा आखडला होता, म्हणून त्या तिथेच बसणार होत्या. “जा तुम्ही. लोक खोळंबलेत.”

दुपारचा गट खिडकीशी आला. आज खरंच सांगायचं, असं ठरवून काका उभे राहिले. “राणी अकरा वर्षं थांबली! आणि आमची ही... एकदा मला अकरा तास उशीर झाला, तर दार उघडं टाकून उंबऱ्यात बसून होती. मांडीवर आजारी पोर. डोळ्याला डोळा लागला नाही तिच्या.”

मागचा एक जाड्या फिसकन हसला. मग सगळेच. शब्द बदलले होते, पण तेच थांबणं, तीच उडालेली भुवई, तोच सूर!

“अहो, खरंच सांगतोय!” काका ओरडले. लोक आणखीच हसले.

काकांनी खिडकीतून खाली पाहिलं. हशा थेट बाकापर्यंत गेला होता. काकूंनी एकदा वर बघितलं आणि तोंड नदीकडे फिरवलं.

चोवीस वर्षांत पहिल्यांदाच काकांनी गट वाऱ्यावर सोडला. धापा टाकत पायऱ्या उतरले. “अगं, या वेळी खरं सांगितलं. तुझी शपथ!”

“मग हसले कशाला ते?”

“मला सांगताच येत नाही.” काकांचा आवाज फुटला.

“त्यांचं जाऊ द्या,” काकू म्हणाल्या. “त्या सकाळी मी दारात दिसले, तेव्हा काय वाटलं तुम्हाला? हे मला कधी सांगितलंत?”

काका त्यांच्या शेजारी बाकावर टेकले. शब्द आले ते अगदी हळू. “लाज वाटली. इतकी, की तुझ्याकडे बघवेना. म्हणून चहा मागितला.”

काकूंनी चष्मा काढून डोळे पुसले. “मला वाटलं, तुम्हाला मी दिसलेच नाही.”

वरून लोक हाका मारत होते. “जा,” काकू म्हणाल्या. “बोलावताहेत.”

काका बाकावरून हलले नाहीत.