शास्त्रज्ञ बाई चिखलीची

नवीन कलाकार आला की वंदनाताई त्याला लगेच माइकसमोर उभं करायच्या नाहीत. बाहेरच्या बाकड्यावर बसवायच्या आणि सांगायच्या, "घरी फोन कर. उशीर होईल म्हणून कळव." मग कागद चाळत असल्याचं दाखवून कान तिकडे लावायच्या. "माइकपुढं सगळेच बातम्या देतात," असं त्यांचं म्हणणं. "माणूस बोलतो फक्त घरच्या फोनवर."

मीही त्या बाकड्यावर बसले होते. कासारवाडीला, बॅटरीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा डबिंगचा स्टुडिओ होता. मी आईला फोन लावला. "आये, मला येळ लागंल. तू जेवून घे. व्हय गं, खाल्लाय डबा. न्हाई, रिक्षानं येती." आम्ही चिखलीचे जुने लोक. शेतांच्या जागी वर्कशॉप उभी राहिली, तरी घरातली बोली तीच राहिली. फक्त ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हे मला शाळेत पक्कं शिकवलेलं होतं. फोन ठेवून मी आत गेले आणि कागदावरचं अगदी घासूनपुसून वाचायला लागले. वंदनाताईंनी हात वर केला.

"ही कोण आली? बाकड्यावरची बाई कुठं गेली?"

मला वाटलं, चिडवताहेत. तसं नव्हतं.

त्यांचे वडील मराठवाड्यातून येऊन आकुर्डीला कारखान्यात लागले होते. ताई कामगार वसाहतीत वाढल्या, मराठीत एम. ए. झाल्या. प्रमाण मराठी त्या इतकी सुंदर बोलायच्या की ऐकत राहावं. पण शाळेतला एक प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला होता. "मास्तर विचारायचे, हे 'लई' कुठून आणलंस? मी सांगायचे, घरून! छडी बसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'लई'." हे सांगताना त्या हसायच्या, पण मान मात्र ताठ व्हायची.

त्या वर्षी त्यांच्याकडे एका मोठ्या वाहिनीचं काम आलं होतं. काळात मागेपुढे जाण्याच्या गोष्टीवर परदेशात लागोपाठ चित्रपट निघाले होते आणि त्यांवरून आता मुलांसाठी कार्टून मालिका तयार झाली होती. एक शास्त्रज्ञ बाई, तिची भाची आणि एक खटारा लिफ्ट. बटन दाबलं की लिफ्ट मजल्यांऐवजी वर्षं चढायची, उतरायची. मराठी संवाद ताईच लिहीत होत्या. शास्त्रज्ञ बाईचा आवाज त्यांनी मला दिला आणि सांगितलं, "आईशी बोलतेस तशी बोल."

"ताई, शास्त्रज्ञ आहे ती."

"मग? कार्टूनमध्ये चोर गावाकडचा, मोलकरीण गावाकडची, मार खाणारा हवालदार गावाकडचा. एकदा तरी अक्कल गावाकडं जाऊ दे की."

मी घाबरतच पहिलं वाक्य म्हटलं. "भिऊ नको गं. काळ म्हंजी काय वाघ हाय व्हय? ये आत, बटन मी दाबती!" काचेपलीकडे ताईंनी डोळे मिटून घेतले होते. "हां," त्या म्हणाल्या. "आता ही बाई कुठंही जाऊ शकते."

दोन भाग मंजुरीला गेले आणि वाहिनीचे निखिल सर स्वतः आले. माणूस सभ्य होता, आवाज चढवायचा नाही. "मॅडम, गंमत आहे, पण शास्त्रज्ञ अशी बोलत नाही."

"तिच्या तोंडाकडं बघा," ताई म्हणाल्या. "मूळ वाक्य एवढंसं आहे. 'व्हय' बरोबर बसतं. तुमचं 'होय, अगदी बरोबर आहे' ओठ मिटल्यावरही लोंबत राहतं."

ते हसले, पण हटले नाहीत. मग त्यांनी तोडगा काढला. शास्त्रज्ञ बाई शुद्ध बोलेल. एका भागात लिफ्ट दोनशे वर्षं मागे जाते, तिथल्या गावकऱ्यांना ही बोली द्यावी. "तिथे छान शोभेल."

ताईंनी हातातले संवादांचे कागद खाली ठेवले. मग अगदी प्रमाण मराठीत, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "म्हणजे आमची भाषा फक्त मागे जाण्यासाठी आहे, असं आपलं म्हणणं आहे."

निखिल सर गेले. दुसऱ्या दिवशी ताईंनी क्रम मोडून वेगळाच भाग काढला, लिफ्ट भविष्यात जाते तो. काचेची शहरं, उडती वाहनं, चंद्रावरच्या शाळा. आणि तिथली यच्चयावत माणसं, महापौर, डॉक्टर, यानाचा चालक, सगळी 'हाय' आणि 'न्हाई' बोलणारी! आम्ही हसून हसून बेजार झालो. ताई हसत नव्हत्या. "हसू नका," त्या म्हणाल्या. "हे लोक आपल्यासारखे बोलतायत कारण आपण टिकलोय. तसं बोला."

तो भाग ताईंनी तसाच मंजुरीला पाठवला आणि व्हायचं तेच झालं. मालिका काढून घेतली गेली आणि मुंबईच्या स्टुडिओला दिली गेली. पहिल्या भागापासून सगळं नव्याने बोलून घेतलं जाणार होतं. एका शब्दाची माफी मागितली असती तर काम राहिलं असतं, असं निखिल सरांनी मला फोनवर सांगितलं. मी ते ताईंना सांगितलं. "कोणत्या शब्दाची?" त्यांनी विचारलं. "'व्हय'ची, का 'न्हाई'ची?"

सगळं परत पाठवण्याआधी, रविवारी सकाळी त्यांनी मला आईला घेऊन यायला सांगितलं. आई स्टुडिओतल्या खुर्चीवर पदर सावरून अवघडून बसली. भविष्याचा भाग लागला. आई आधी पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. बँकेत, दवाखान्यात मलाच पुढे करणारी माझी आई. संपल्यावर ताईंना म्हणाली, "ती तिथली डाक्टरीण बी आमच्यातलीच हाय व्हय?"

"तुमच्यातलीच, मावशी."

"मंग चांगलं बोलती," आई म्हणाली.

मुंबईहून मला विचारणा झाली. पात्र तेच, फक्त मराठी 'स्वच्छ' हवी. ताईंनी जायचा आग्रह केला, माझ्यापायी काम सोडू नकोस म्हणाल्या. मी गेले नाही, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं. त्या शास्त्रज्ञ बाईचं तोंड पडद्यावर हललं की माझ्याकडून दुसरं काही निघेचना.

पुढे कासारवाडीची जागा सुटली. ताई आता चाकणला कंपन्यांच्या सुरक्षेच्या फिल्म करतात, अधूनमधून मला बोलावतात. परवा तिथल्या कँटीनमध्ये एक तरुण अधिकारी बाई कौतुकाने सांगत होत्या, त्यांची मुलगी ती लिफ्टवाली मालिका रोज बघते, आणि त्यातली शास्त्रज्ञ किती शुद्ध बोलते! मी ताटात बघत राहिले. ताईंनी शांतपणे घास संपवला, पाणी प्यायल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ती बदली कामगार आहे," त्या म्हणाल्या. "परमनंट ही."