चार्ज न देता गेलेले बाबा

बाबा गेले तेव्हा आमची गाडी सहाव्या नंबरवर होती.

व्हिडिओ गेममधली गाडी. आज वर्ष झालं. ती अजून सहावीच आहे.

बाबा राजुऱ्याजवळच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. मी अकरावीत असताना घरी कॉम्प्युटर आला, माझ्या अभ्यासासाठी. मी त्यात कार रेसिंगचा एक गेम टाकला.

पहिल्या रेसमध्ये बाबा शेवटचे आले. त्यांनी कोणालाच ओव्हरटेक केलं नाही. खाणीच्या रस्त्यावर ओव्हरटेकला मनाई असते.

"हॉर्न कुठी हाय वं?"

"बाबा, रेसमध्ये हॉर्न नसतो."

"मंग समोरच्याले समजन कसं?"

माझ्या मैत्रिणी त्याच गेमला तीन महिन्यांत कंटाळल्या. आम्ही नऊ वर्षं खेळलो. कारण एकच होतं, आणि ते बाबांनी खाणीतून आणलं होतं.

खाणीत शिफ्ट बदलताना आधीचा ऑपरेटर पुढच्याला चार्ज देतो. म्हणजे गाडीची खरी हालत तोंडाने सांगतो. ब्रेक उशिरा लागतो का, कुठल्या टायरकडे लक्ष ठेवायचं. ऐकल्याशिवाय पुढचा माणूस गाडी घेत नाही.

"खोटा चार्ज देला त दुसऱ्याचा जीव जाते," बाबा म्हणायचे. हे ते हसत म्हणायचे नाहीत.

आमच्या गेममध्येही तेच. गाडी एक. एक रेस माझी, पुढची त्यांची. माझ्या रेसमध्ये गाडीला बसलेला मार त्यांच्या रेसमध्ये तसाच. मध्ये चार्ज.

गेममध्ये रिस्टार्टचं बटण होतं. दाबलं की रेस पहिल्यापासून, गाडी रेसआधी होती तशी. बाबांनी ते पहिल्याच आठवड्यात बाद केलं.

"खाणीत हाय का असं बटन? नाई ना?"

त्यामुळे आमच्या गाडीचा प्रत्येक ओरखडा कोणाचा, हे आम्हाला पाठ असायचं.

आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "गोल गोल फिरून राह्यले बापलेकी. पोचत त कुठीच नाई!"

"मी खाणीत बी तेच करतो ना. खाली जातो, वर येतो. कधी इचारलं का, पोचले का म्हणून?"

मी एकदा विचारलं होतं, तोच ट्रॅक, कंटाळा नाही येत?

"रस्ता तोच दिसते, बेटा. तोच नसते. टँकर पानी मारून गेला का बदलते. ऊन पडलं का बदलते. पाहा लागते."

नंतर मी इंजिनियर झाले. पुण्यात गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेण्याचं काम करते. गेम इंटरनेटवर जतन व्हायचा, म्हणून पुण्यातून मी आणि राजुऱ्यातून बाबा तीच गाडी चालवायचो. रविवारी सकाळी फोन.

"दे चार्ज."

नवव्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच सीझनमध्ये, म्हणजे सगळ्या रेसचे गुण मिळून, पहिल्या नंबरवर होतो. दोन रेस उरल्या होत्या. एक माझी, शेवटची त्यांची.

माझ्या रेसमध्ये अकराव्या लॅपला मी वळणावर उशिरा ब्रेक मारला. गाडी भिंतीवर गेली.

मी रिस्टार्ट दाबला.

फोनवर बाबांनी विचारलं, "कशी हाय गाडी?"

"ठीक आहे. कुठे काही लागलेलं नाही."

"काईच नाई?"

"नाही."



"बरं. घेतो."

सीझन आम्ही जिंकलो. एरवी तिसरा नंबर आला तरी अर्धा तास बोलणारे बाबा त्या दिवशी दोन मिनिटं बोलले.

"जिंकलो ना बाबा."

"हो. जिंकलो."

मी पुढच्या रविवारी सांगायचं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. नवा सीझन सुरू झाला. बाबा नीट खेळत नव्हते, आम्ही सहाव्या नंबरवर घसरलो. मला वाटलं, त्यांचा त्यातला जीव गेला, आणि तो माझ्यामुळे गेला. हे विचारायचं धाडस मी केलं नाही. विषय बदलत राहिले.

मग एका मंगळवारी आईचा फोन आला. हार्ट अटॅक. मी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दोन महिन्यांनी मी गेम उघडला. खेळायला नाही. आकडेवारीचं पान बघायला. एकूण रेस, एकूण किलोमीटर. सगळ्यात खाली एक ओळ असते, रिस्टार्ट. नऊ वर्षं तिथे शून्य होता. माझ्यामुळे एक झाला होता.

तिथे दोन होते.

चुकून बोट लागलं असेल, हे मी तपासून पाहिलं. तसं होत नाही. बटण दाबल्यावर गेम पुन्हा विचारतो, नक्की का? आणि खूण आधीपासून "नाही"वर असते. ती हलवून "हो" म्हणावं लागतं.

म्हणजे दोन शक्यता.

शेवटच्या महिन्यांत त्यांचा हात चालत नसेल. गाडी आपटली असेल, आणि माझ्यासारखंच त्यांनीही लपवलं असेल.

किंवा त्यांनी माझा एक बघितला असेल, आणि त्याच्या शेजारी स्वतःचा एक ठेवला असेल.

गेम तारीख ठेवत नाही. यापुढे मला काही काढता येत नाही. रविवारी सकाळी अजूनही हात फोनकडे जातो.

लोक विचारतात, खेळणं सोडलंस का? कंटाळा आला का?

कंटाळा नाही आला. बाबांनंतरची रेस माझी आहे. त्यांनी चार्ज दिलेला नाही, म्हणून गाडी उभी आहे.

पण आम्ही जिंकलो त्या सीझनमधला माझा शेवटचा चार्ज खोटा होता. तो मी आज देते.

बाबा, पहिला रिस्टार्ट माझा होता. अकरावा लॅप, डावं वळण, ब्रेक उशिरा. पुढचा उजवा टायर गेला होता. स्टिअरिंग एका बाजूला ओढत होतं. गाडी ठीक नव्हती. मी पण नव्हते.

जय भीम, बाबा.