जलद गाडी फाट्यावर थांबत नाही

उमरखेड डेपोच्या रामराव ढगे ड्रायव्हरनं बत्तीस वर्षं एसटी चालवली, आणि या बत्तीस वर्षांत त्याच्या चाकाखाली एक बकरी नाही आली की एक कोंबडी नाही आली. हे तो स्वतःच सांगतो, दिवसातून दोनदा सांगतो, म्हणजे खोटं असायचा प्रश्नच नाही. विनाअपघाताचा बिल्ला त्याच्या घरी देवाच्या फोटोशेजारीच टांगलेला आहे. बायको शकुबाई घाईघाईत पूजा करते तेव्हा कधीकधी त्या बिल्ल्यालाही कुंकू लागतं.

पण अशा या ड्रायव्हरच्या गाडीत त्याची स्वतःची बायको तेहतीस वर्षं झाली, चढलेली नाही.

झालं असं. पौषातले दिवस होते. शकुबाई माहेरी, कवठ्याला गेली होती. परत येताना टोपलंभर तुरीच्या शेंगा घेऊन कवठा फाट्यावर लिंबाखाली उभी राहिली. तिला ठाऊक होतं, दुपारची यवतमाळ-उमरखेड गाडी नवऱ्याकडे आहे. गाडी दिसली. बाईनं हक्कानं हात केला. मागून कंडक्टर उत्तमसिंग राठोडनं वहिनीला ओळखून एक घंटीही मारली. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे लेकराला पण कळतं. पण गाडी होती जलद, कवठा फाट्यावर जलद गाडीला थांबा नाही, आणि नेमका त्या दिवशी तपासणीचा साहेब पुढच्या सीटवर बसलेला. रामरावनं गाडी थांबवली नाही. बरं, नाही थांबवली तर नाही थांबवली, गुपचूप निघून जावं की नाही? या पठ्ठ्यानं बायकोला ओळख दाखवायची म्हणून दोनदा हॉर्न वाजवला. पाँ पाँ!

शकुबाई संध्याकाळी घरी पोचली ती कापसाच्या बैलबंडीवर बसून. डोक्यात कापूस, नाकात कापूस, हातात टोपलं.

"थांबले नाई ते नाई," ती म्हणाली, "वरून हारन वाजवला!"

"अवो, साहेब होता ना गाडीत."

"साहेबाले बायको नसन काय? आता तुमच्या गाडीत मी पाय ठेवीन तं नावाची शकू नाई."

आणि नाही ठेवला बाईनं. माहेरी गेली तर जीपनं, दवाखान्यात गेली तर भावाच्या मोटरसायकलवर, आणि एकदा पुसदच्या लग्नाला चक्क वाजंत्र्यांच्या टेम्पोत बसून गेली. रामराव रिटायर झाला तेव्हा शेवटच्या फेरीला डेपोनं गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या, बोनेटवर नारळ फोडला. अशा फेरीत घरचे लोक पुढच्या सीटवर बसतात, हा रिवाज आहे. मुलगा नयन बसला, सून बसली. शकुबाईची सीट यवतमाळपर्यंत रिकामी गेली आणि रिकामी परत आली. तिनं त्या दिवशी पापड लाटायला काढले होते. आजवर कोणी रामरावला विचारलं, काय राहून गेलं, तर तो 'काहीच नाई' म्हणतो. पण त्याला ती रिकामी सीट सलते. शकूनं एकदा, फक्त एकदा, आपल्या गाडीत बसावं, एवढीच त्या माणसाची इच्छा. आणि आता तर गाडीच राहिली नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत नयनची पोरगी सलोनी यवतमाळहून आली. इंजिनिअरिंगला आहे. तिच्या लॅपटॉपवर एक गाड्यांचा खेळ होता. बुटक्या, उघड्या गाड्या आणि त्यात ड्रायव्हर कोण? तर पेंग्विन, हत्ती, कोल्हा, उंदीर!

"हे जनावरं कोनाचे व?" रामरावनं विचारलं.

"एकेका सॉफ्टवेअरचं चिन्ह हाये आबा. निवडणुकीत पार्टीचं असते ना, तसं."

"आन् खेळ केवढ्याले घेतला?"

"फुकट हाये."

"फुकट? मंग बनवनारे खातेत काय?"

"आपापल्या नोकऱ्या सांभाळून बनवतेत ते. कोनी रस्ता बनवते, कोनी गाडी, कोनी चुका काढते. आतमधी काय हाये ते कोनीबी उघडून पाहू शकते, आन् आपल्या मनासारखं बदलूबी शकते."

रामरावनं थोडा विचार केला. "म्हंजे भंडारा हाये. कोनी गहू देल्ला, कोनी तेल देल्लं, आन् पंगतीत कोनीबी बसा."

सलोनीला कॉलेजात दोन तास शिकवूनही इतकं नीट सांगता आलं नसतं.

रामरावनं पेंग्विन निवडला. काळा कोट, पांढरा सदरा, पुढे आलेलं पोट. "हा तं आपला तपासणीवाला साहेब! लय वर्षं बाजूले बसून डोकं खाल्लं यानं. आता म्हना, चालव."

पण साहेबाची गाडी काही केल्या पुढे जाईना. तीन-दोन-एक होऊन सगळे सुटले तरी हा जागेवरच.

"आबा, चला ना!"

"घंटी कुठं वाजली?"

मग दरवेळी सलोनीनं तोंडानं टिंग टिंग करायचं, तेव्हा साहेबाची गाडी हलायची. तीही रस्त्याच्या डाव्या अंगानं. वळणावर वेग कमी. रस्त्यात बक्षिसाच्या पेट्या असतात, त्या घेतल्या की दुसऱ्यावर केक फेकता येतो. रामराव प्रत्येक पेटी चुकवून जायचा.

"घ्या ना ती पेटी!"

"बेवारस सामानाले हात लावू नये," रामराव म्हणाला. "गाडीत लिहिलेलं राह्यते."

रोज शेवटचा नंबर. उंदीरसुद्धा त्याच्या पुढे. उत्तमसिंग कंडक्टरही आता रिटायर झालेला, रोज चहाला यायचा. त्यानं हे पाहिलं आणि दोन दिवसांत डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर बातमी पोचवली की ढगे ड्रायव्हरला उंदीर साइड मारून जातो. वर स्वतःही खेळायला बसला. जन्मभर मागे उभं राहून तिकिटं फाडली, त्याला कोण हौस! तो हत्ती घ्यायचा आणि रामरावला केक फेकून मारायचा.

"उत्तम्या, लाज नाई वाटत?"

"अकरा वर्षं तुमच्या ब्रेकनं माह्यं डोकं दांड्यावर आपटलं, ढगेभाऊ. त्याचं हाये हे."

शकुबाई हे सगळं खाली चटईवर बसून भाजी निवडता निवडता ऐकायची. टेबलाशी रामरावच्या उजव्या हाताला उत्तमसिंग बसायचा, एकाच कीबोर्डवर दोघं, वरचा अर्धा पडदा रामरावचा, खालचा त्याचा. डाव्या हाताला रामराव एक प्लास्टिकची खुर्ची रोज पुसून ठेवायचा. "ये व, पाहाले तरी बस," म्हणायचा.

"खेळन्यातल्या गाडीतबी बसनार नाई मी," शकुबाई म्हणायची. खुर्ची तशीच राहायची.

'मनासारखं बदलता येते' हे मात्र रामरावच्या डोक्यात बसलं होतं. एक दिवस त्यानं नातीला विचारलं, "यात आपला रस्ता टाकता येईन काय? उमरखेड-महागाव?"

येत होता. आठ दिवस सलोनी रस्ता बनवत होती आणि रामराव डोक्यावर उभा. इथं खड्डा पाह्यजे. इथं नको, दोन हात पुढं. इथं म्हशी बसतेत. सलोनीनं रस्त्याची दोन टोकं जोडून गोल केला तेव्हा तर म्हातारा तापलाच. "रस्ता गोल कसा? महागाव कुठं गेलं?" शर्यतीत फेऱ्या माराव्या लागतात, हे त्याला पटवता पटवता संध्याकाळ झाली.

एका ठिकाणी मात्र तो नुसता म्हणाला, "इथून सरळ घे. काई नाई इथं."

"कवठा फाटा हाये ना इथं?" सलोनी म्हणाली.

"नसला तरी चालते."

आजीची गोष्ट त्या घरात कुत्र्यामांजरालाही पाठ. आबा झोपल्यावर दुपारी सलोनीनं तिथं फाटा केला, लिंबाचं झाड लावलं.

भाऊबीजेला सकाळी शर्यत ठरली. तीन फेऱ्या, रामराव विरुद्ध उत्तमसिंग, बाकीची जनावरं कॉम्प्युटर चालवणार. टपरीवरचे चार रिटायर लोकही येऊन बसले. रामराव आदल्या दिवसापासून बेचैन होता. उंदराची बदनामी त्याला सहन होत नव्हती. आणि हा रस्ता तर त्याचा स्वतःचा! यावर हरलो तर तोंड कुठं दाखवायचं?

सलोनीनं टिंग टिंग केलं. साहेब निघाला.

आणि काय निघाला! खड्डा कुठं, म्हशी कुठं, सगळं ठाऊक. हत्ती खड्ड्यात गेला, कोल्हा म्हशीत अडकला, पेंग्विन सगळ्यात पुढे. टपरीवाले ओरडायला लागले. आणि कवठा फाटा आला.

लिंबाखाली एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपलं, हात वर केलेला.

रामरावनं पाहिलं. त्याच्या मागे खालच्या अर्ध्या पडद्यावर उत्तमसिंगनंही पाहिलं, आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "टिंग!" एक घंटी. पण रामरावचं बोट कुठं ऐकतं! गाडी सुसाट, आणि वर, देवा शपथ, त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "पाँ पाँ!"

खाली मेथी निवडणारा हात थांबला.

"जलद असन," शकुबाई म्हणाली.

दुसऱ्या फेरीत ती बाई पुन्हा आली. रामरावचे कान लाल झाले होते. थांबावं म्हणेपर्यंत फाटा मागे पडला. "ब्रेक उशिरा लागला व," तो पुटपुटला. पेंग्विन अजून पहिलाच होता. हत्ती बराच मागे.

तिसरी फेरी. फाट्याच्या पुढच्या वळणावरच शेवटची रेघ. टपरीवाले उभे राहिले. "ढगे, दाबा!" "आता कोन अडवते!"

लिंब दिसला. लुगडं दिसलं. हात दिसला.

रामरावनं लांबूनच वेग कमी केला. डावीकडे घेतली. आणि पेंग्विनाची गाडी त्या बाईपाशी नेऊन थांबवली.

"अहो, काय करून राह्यले!" टपरीवाल्यांतला एक ओरडला. कोल्हा गेला. उंदीर गेला. हत्ती गेला, आणि जाता जाता उत्तमसिंगनं केक फेकला नाही. रामरावनं दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. पडद्याकडे बघतच बोलला, कारण मान वळवायची हिंमत नव्हती.

"शके, चुकलं माह्यं त्या दिवशी. साहेबाले घाबरलो मी. नोकरी जाते का काय, अशी भीती वाटली. थांबाले पाह्यजे होतं."

तेहतीस वर्षांत हे तो पहिल्यांदा म्हणाला. साहेब होता, जलद होती, थांबा नव्हता, सगळं म्हणाला होता. हे नव्हतं म्हटलं.

शकुबाई उठली. पदराला मेथीचे हात पुसले. पडद्यापाशी येऊन डोळे बारीक करून बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मांगं घ्या थोडी," ती म्हणाली. "दरवाजा कुठं, अन् पॅसेंजर कुठं! जन्मभर असेच थांबत आले, लोकायले पळवत."

रामरावनं गाडी मागे घेतली. इंचभर पुढे, पुन्हा थोडी मागे.

"बस. आता जमलं." आणि शकुबाई त्याच्या डाव्या हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसली. मेथीची जुडी मांडीवर घेतली. "सव्वा पाच रुपये होतं का हो भाऊजी तिकीट तेव्हा, कवठ्याहून?"

उत्तमसिंगनं डोळे पुसले आणि भांडायच्या सुरात म्हणाला, "ड्रायव्हरच्या बायकोले पास राह्यते वहिनी. तुम्हीच कधी वापरला नाई."

मग त्यानं टेबलावर चमच्यानं दोनदा वाजवलं. टिंग टिंग.

शेवटचा नंबर आला रामरावचा. उंदीर केव्हाचा पोचला होता.