हिरामण ओरडला होता

आमची प्लाटून उत्तरेकडच्या त्या पोस्टवर चढली तेव्हा मी हवालदार होतो, नर्सिंग असिस्टंट. डॉक्टर, म्हणजे आमचे आरएमओ साहेब, खाली बेसवर. वर कुणाला काही झालं तर मी, औषधांची पेटी, ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणि रेडिओ. पोस्टची उंची सांगत नाही. बूट बांधायला वाकलं तरी धाप लागायची, एवढं पुरे.

सकाळी सिक रिपोर्ट. ज्याला त्रास असेल त्याने यायचं, मी तपासायचं आणि ठरवायचं: आराम, हलकं काम की 'मेडिसिन अँड ड्यूटी'. शेवटच्याचा अर्थ, गोळी घे आणि कामाला लाग.

लान्स नायक हिरामण दगडू माझ्याच भागातला. तो पारोळ्याजवळच्या खेड्यातला, मी धुळ्याचा. आपसात आम्ही अहिराणी बोलायचो. हिरामणला दुखणं सोसवत नसे. सुई दिसली की "मरनू वं माय!" अशी आरोळी ठोकायचा आणि अख्खी बरॅक हसायची. मग लंगरचा कुक त्याच्यासाठी चहा आणायचा. सुभेदार साहेब पाठीवर हात ठेवून विचारायचे, "क्या हुआ, शेर?" शेर रडवेलं तोंड करून बोट दाखवायचा.

माझं उलट. लहानपणी विंचू चावला तेव्हा मी रडलो नाही म्हणून वडिलांनी मला गावभर मिरवलं होतं. तेव्हापासून ओठ मिटून सोसणं हीच माझी कमाई. पोस्टवर जाण्याआधी लंगरमध्ये माझ्या पायावर उकळतं पाणी सांडलं. मी आवाज केला नाही. स्वतःच पट्टी बांधली, ड्यूटी केली. कुणाला कळलंही नाही. त्या संध्याकाळी डबा उघडताना हिरामणचं बोट कापलं, आणि त्याच्याभोवती चार माणसं बसली. पाय माझा भाजला होता, चहा मात्र त्याला मिळत होता. तो चहा मला आजही दिसतो.

वर पोहोचल्यावर तिसऱ्या सकाळी हिरामण सिक रिपोर्टला आला.

"भाऊ, मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं. बसल्या जागी दम लागस."

"आते काय, डोलीत बसाडीसन घर धाडू का तुले?" मी म्हणालो.

मागची पोरं हसली. तोही हसला, मग खोकला. एवढ्या उंचीवर बसल्या जागी दम लागणं म्हणजे फुफ्फुसात पाणी भरणं, हे मला शिकवलेलं होतं. ताबडतोब रेडिओवर आरएमओ साहेबांना कळवायचं, ऑक्सिजन लावायचा, माणूस खाली उतरवायचा. मी स्टेथोस्कोपला हात लावला नाही. डोकेदुखीची गोळी त्याच्या हातावर ठेवली.

"मेडिसिन अँड ड्यूटी."

"भाऊ, खरंच दुखस रे."

"माहीत शे. तुले रोजच दुखस."

दुपारी तो गप्प झाला. बर्फ वितळवायच्या शेगडीपाशी भिंतीला टेकून बसलेला मी त्याला पाहिला. मनात आलं, शिकला एकदाचा. मला बरं वाटलं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. तो ओरडत नव्हता, कारण ओरडायला लागणारा श्वास त्याच्यापाशी उरला नव्हता.

चारच्या सुमारास सुभेदार साहेबांनी हाक मारली. हिरामणचे ओठ निळे पडले होते, तोंडाला गुलाबी फेस होता. मी सिलिंडर लावला आणि रेडिओवर गेलो.

"कब से है?" आरएमओ साहेबांनी विचारलं.

"अभी, सर."

"सुबह कोई कम्प्लेंट?"

"नो, सर."

"नीचे उतारो. फौरन."

ढग उतरले होते, हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. आम्ही त्याला स्ट्रेचरवर बांधून खाली निघालो. पहिला उतार संपण्याआधी तो गेला. सकाळीच उतरवला असता तर वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. पण त्याच्या वाट्याची संधी माझ्या हातात होती आणि मी ती दिली नाही.

त्याचं सामान घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. त्याची बायको कमल दारात उभी होती, कडेवर दोन वर्षांचा सुभाष. तिने एवढंच विचारलं, "लई तरास व्हयना का?"

"नाही, वहिनी. हूं की चूं केलं नाही."

निम्मं मी तिच्यासाठी बोललो. निम्मं माझ्यासाठी. त्याने तक्रारच केली नाही म्हटल्यावर ती कुणी ऐकली नाही, हे कोण विचारणार?

गावाने माझे शब्द उचलले. चौकात फलक लागला. दरवर्षी त्याच्या दिवशी भाषण होतं: असा जवान, ज्याने मरतानाही ओठ उघडले नाहीत. मी दरवर्षी हार घालायला जातो, पहिल्या रांगेत बसतो, टाळ्या ऐकतो आणि जळतो. माझ्यापाशी एकच गुण होता. तो मी त्याला देऊन टाकला, आणि त्यावरून आता त्याचा जयजयकार होतो. मेलेल्या माणसाचा हेवा करणं सोपं नसतं. तो कधी चुकत नाही.

यंदाही धुळ्याहून एसटीने गेलो. सुभाष जळगावला डाळ मिलमध्ये आहे, तोही आला होता. खुर्च्या मांडताना तो उजव्या कुशीवर हात दाबून वाकून चालत होता. कपाळावर घाम.

"काय रे, काय व्हयनं?"

"काही नही, नाना. दोन दिवसपाईन पोट दुखे. काल राती तर जीव जाई ऱ्हायंता. आज सकायपाईन एकदम थांबनं. आते काहीच नही."

मी त्याच्या अंगाला हात लावला. ताप होता. पोट फळीसारखं घट्ट. आतडं फुटलं की दुखणं काही वेळ थांबतं, आणि माणसाला वाटतं बरं झालं.

"गाडी काढा," मी म्हणालो. "धुळ्याला न्यायचं. आत्ता."

"कार्यक्रम झाला की जाऊ," सुभाष म्हणाला. "नाना, आज बापाचा दिवस. त्यांनी मरताना हूं की चूं केलं नाही, आणि मी पोटदुखीसाठी उठून जाऊ?"

भोवती माणसं जमली होती. कमलवहिनी फोटोपाशी हार धरून उभ्या होत्या. पुन्हा एक माणूस माझ्यासमोर गप्प झाला होता. या खेपेला ते गप्प राहणं मी शिकवलेलं होतं.

"तुना बाप सुई दखीसन पळे," मी म्हणालो. "बोट कापलं तर बरॅक डोक्यावर घ्यायचा. त्या सकाळीही तो माझ्याकडे आला होता. दुखतंय म्हणाला, दम लागतोय म्हणाला. मी हसलो आणि त्याला कामाला लावलं. तो गप्प मेला नाही रे. सांगून मेला. मी खोटं बोललो."

कमलवहिनींनी हार खाली ठेवला.

"सुभाष," त्या म्हणाल्या, "गाडीत बस."

ऑपरेशन संध्याकाळपर्यंत चाललं. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकलं असतं तर हाती लागला नसता. बाहेरच्या बाकावर मी एका टोकाला, कमलवहिनी दुसऱ्या टोकाला. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या.

"काटा मोडना तरी बठ्ठी गल्ली गोळा करे तो. माले माहीत नव्हतं का? तुम्ही सांगितलं, आवाज केला नाही. माले वाटनं, ऐकाले कोणीच नसेल तठे. म्हणून केला नसेल. इतली वरीस मी तेच धरीसन बसनू."

"ऐकायला मी होतो, वहिनी."

"हा," त्या म्हणाल्या. "तेच तर."

त्यांनी मला माफ केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

भूल उतरली तेव्हा आतून सुभाषची आरोळी आली. "मरनू वं माय!" सिस्टर रागावली. कमलवहिनी पदर सावरत धावल्या, मागोमाग त्यांची सून, शेजारी, गाडीवाला, सगळे त्याच्या खाटेभोवती. मी दारात उभा होतो. भाजलेल्या पायाची जुनी कातडी ओढ घेत होती. खरं सांगायचं तर तेव्हाही मला हेवा वाटला. मग मी आत गेलो आणि सुनेला म्हणालो, "पोरी, माझाही पाय दुखतोय. बसायला दे."

तिने स्टूल दिलं.

चौकातला फलक गावाने बदलावा की नाही, ते गाव ठरवेल. माझी नोंद अशी: लान्स नायक हिरामण दगडू. सुईला भ्यायचा. दुखलं की सांगायचा. त्या सकाळीही त्याने सांगितलं होतं, आणि मला ऐकू आलं होतं.