नाटकाच्या पाहुण्यायपायी

हे मी अजून कोनालेच सांगितलं नाई — आईले नाई, दादाले नाई, मैत्रिणीले तं नाईच नाई. आज सांगून राह्यली, कारण आज घरी लय आनंद आहे अन् हाताले दम निघत नाई. टायपिंगच्या चुका होतीन, होऊ द्या.

आमच्या वयनीची पहिली पोरगी, नाटकी, घरीच झाली. नाव तिचं दुसरं आहे, पन गावात नाटक होतं त्याच दिवशी आली, म्हनून सगळे नाटकीच म्हनते. लय गोड जी — आता बी मांडीवर चढून फोन ओढून राह्यली.

बाया घरी काऊन बाळंत होते? लोक म्हनते रस्ता नाई, नाल्याले पूर, गाडी भेटत नाई. आमच्याकडे रस्ता होता. गाडी दाराशी येत होती. दवाखान्याजवळ आधीच जाऊन राहाले खोली बी होती. वयनीले आई नाई, म्हनून माही आई सोबत जानार होती. मंग?

मंग — थांबा, आधी नाटकाचं सांगते. आमच्या झाडीपट्टीत गावात नाटक म्हंजे घरोघरी पाहुणे. वडशावरून नाटक कंपनी येते, अन् तिच्या आधी मावश्या, आत्या, त्यायची लेकरं. आई अन् वयनी दोघी गेल्या तं एवढ्यायचं कोन रांधन? मीच ना? अन् नाटक का चुलीपाशी बसून ऐकाचं?

म्हनून मी वयनीच्या मनात भेव घातलं. तांदूळ निवडता निवडता, हळूच. म्हनलं, तिथी डॉक्टर बाई नाई, मानूस असते, एकटीलेच आत नेते, अन् पोट फाडल्याबिगर सोडत नाई. मी तं त्या दवाखान्याची पायरी बी चढली नव्हती. नाटकासाठी — हो, नाटकासाठी.

वयनी गेलीच नाई. त्या दिवशी सकाळपासून कळा दाबून पाहुण्यायले चहा देत होती. दुपारी आंगनात खालीच बसली. गाडी येईपर्यंत पोरगी शेजारच्या म्हाताऱ्या सुईनीच्या हातात. पन वयनीचं रक्त थांबेना. तिचे ओठ पांढरे पडले — मी पाह्यले. गाडीत टाकून नेलं तिले, आई संग गेली. वाचली जी, वाचली! अन् मी? पाहुण्या बायायनंच रांधलं, मी नाटक पाह्यलं.

नंतर गावातल्या बायायले दवाखान्यात नेनाऱ्या आशाताईनं वयनीले सगळ्यायसमोर झापलं. हे कोनं भरवलं तुह्या डोक्यात? वयनीनं माह्याकडे पाह्यलं बी नाई.

"कोनंच नाई. मीच भित्री आहो जी."

तवापासून घरात तिचं नाव भित्री. कुत्रं भुकलं तं भित्री, भांडं पडलं तं भित्री. मी बी म्हनली आहे.

अन् आज! या बारीले वयनी आधीच तिथी जाऊन राह्यली, सकाळी पोरगा झाला. फोन स्पीकरवर, आम्ही सगळे भोवती. म्हने गरम पाणी देते, आई उशाशीच बसून होती, काईच कापलं नाई. दादानं चिडवलं — मंग मागच्या बारीले काऊन भेली वं?

वयनीनं आधी रडत्या बाळाले चूप केलं.

"आता का सांगू," म्हने. "भित्रीच आहो ना मी."

सगळे हासले. मी बी हासली — सगळ्यात जोरात.