जमिनीच्या आत बघणारी पोरगी

दहावीच्या वर्षी माझ्या अंगात एक शक्ती आली. ती कशी आली हे मी आजवर तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलंय आणि तिन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्यात. ही चौथी तऱ्हा. ही खरी आहे, म्हणून हिच्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

आमचं गाव पाचोऱ्यापासून एसटीनं अर्धा तास, एसटी आली तर. मे महिन्यात आमच्याकडे माणसाची सावलीसुद्धा बाहेर थांबत नाही, घरात येऊन माठाशेजारी बसते. नाल्याच्या अलीकडे वरची आळी. पलीकडे आमची वस्ती, एक विहार आणि चाळीस घरं. नळ वरच्या आळीत, उन्हाळ्यात तेही कोरडे. आमच्याकडे टँकर यायचा, पण वरच्या आळीतून येता येता त्याचं पोट अर्धं रिकामं झालेलं असायचं.

त्या वर्षी मी दोनशे पानी वहीत एक विज्ञानकथा लिहिली. नायिका सोळा वर्षांची. शेतात उल्का पडते, तिची निळी धूळ पोरीच्या डोळ्यांत जाते आणि काळा पाषाण तिला काचेसारखा आरपार दिसायला लागतो. परग्रहावरचे चोर पृथ्वीच्या पोटात नळी खुपसून पाणी ओढत असतात. ही पोरगी ती नळी शोधते आणि तिला गाठ मारते. सगळी कथा मी ‘मी’ म्हणूनच लिहिली, कारण हे दुसऱ्या कोणाला जमेल असं मला वाटत नव्हतं. गावही आमचंच घेतलं, कारण दुसरं गाव मी धड पाहिलेलंच नव्हतं. सरपंचांचा बकऱ्यांचा गोठा, गळकी टाकी, पारावरचे पत्तेवाले, बठ्ठं जसंच्या तसं.

घोटाळा झाला तो इथं. वही वर्गात फिरली, एसटीत फिरली आणि एका मैत्रिणीनं ती वरच्या आळीतल्या आपल्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवली. आजीनं गोठा ओळखला. गोठ्यातली लंगडी बकरीही ओळखली. बकरी खरी, म्हणजे पोरीचे डोळेही खरे. परग्रहावरच्या चोरांचं तिला काहीच नवल वाटलं नाही. पाणी कोणीतरी चोरतं, हे तिला आधीपासूनच माहीत होतं. आठ दिवसांत माझी कीर्ती भुसावळपर्यंत पोहोचली. बरं, भुसावळ जाऊ द्या, पण नाला तिनं नक्की ओलांडला.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात गावाला एक बोअर मंजूर झाली होती. एकच. आमच्याकडे बोअरची जागा पाणाड्या दाखवतो. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, आणि खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. आमच्या पाणाड्या आबांचा नारळ आजवर तीनदा उभा राहिला होता. तिन्ही वेळा वरच्या आळीत. तिन्ही बोअरींतून धूळ निघाली. आता आबांचा गुडघा गेला होता, म्हणून सरपंचांनी मला बोलावणं धाडलं.

“नारळले पायाळू मानूस लागस,” आबा खाटेवरून म्हणाले. “तू पायाळू शे का, पोरी?”

“शे, आबा.”

मी पायांकडून नाही, डोक्याकडूनच जन्मले होते. हे जिला पक्कं ठाऊक, ती माझी आई शेजारीच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि पत्र्याकडे बघत राहिली.

बाप जळगावला डाळ मिलमध्ये कामाला होता, सुट्टीला घरी यायचा. ऐकलं आणि त्यानं ताट बाजूला सरकवलं.

“आपला घरमा नारळ चटनीले लागस. दुसऱ्या कशालेच नाही. शाळा शिकीसन तू हेच करशी?”

“बाबा, पाणी कुठंय ते त्यांना माहीत नाही, मलाही नाही. मग दरवेळी त्यांचंच अज्ञान का खरं धरायचं? कोरडी बोअर जायचीच असेल, तर एकदा आपल्या दारात जाऊ द्या.”

“बात खरी शे,” तो म्हणाला. “पन खोटं ते खोटंच.” आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद.

मी घरामागे दोन दिवस सराव केला. बोटं किंचित वर, तळवा किंचित खोल, अंगठ्याचा हलका टेकू. अर्ध्या तासात नारळ उभा राहू लागला. दोन दिवसांत तो सलाम ठोकायला लागला.

ठरल्या सकाळी बठ्ठं गाव माझ्यामागं. सरपंच पुढं, आणि चालता चालता आम्ही बरोब्बर त्यांच्या गोठ्यापाशी आलो. सरपंच थांबले, खाकरले. नारळ झोपलेला. ते पुन्हा खाकरले. नारळ घोरत होता. मी वळले आणि नाल्यात उतरले.

“तिकडं कुठं?” सरपंच म्हणाले.

“मी नाही जात, नाना. नारळ ओढी राह्यना.”

विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत मी थांबले आणि नारळ ताडकन उभा राहिला. “आठे,” मी पायाखालची जागा दाखवत म्हणाले.

“वरच्या बाजूला एकदा पुन्हा बघ ना.”

मी नारळ त्यांच्यासमोर धरला. “तुम्हीच बघा, नाना.” त्यांनी हात मागं घेतला. गावासमोर आपल्या हातात नारळ आडवाच राहिला, तर मग पुढच्या निवडणुकीत काय उभं राहणार?

बोअरची गाडी आली. मंजुरी तीनशे फुटांची. शंभरला धूळ, दीडशेला धूळ, दोनशेला इतकी धूळ की आमच्या वस्तीतली काळी कुत्री पांढरी झाली. नाल्याच्या काठावर वरची आळी बसलेली.

“पोरीच्या डोळ्याले चाळिशी लागनी वाटतं,” एकजण म्हणाला.

दुसरा म्हणाला, “उल्का उलट्या बाजूनं पडनी व्हई.”

मला हसू येत नव्हतं. ही कोरडी गेली तर वीस वर्षं आमच्या वस्तीकडे बोट दाखवतील: दिली होती की तुम्हाला बोअर. त्या धुळीत मी तीनदा म्हातारी झाले. बाप त्या दिवशी कामावर खाडा करून आला होता. बोलला नाही, पण विहाराच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा होता.

दोनशे ऐंशीला चिखल आला. मग पाणी. इतकं उसळलं की वरून चाललेला एक बगळा ओला होऊन खाली पडला. बगळा नव्हता, कबूल. पण गाडीवाल्याची लुंगी भिजली, ती चाळीस घरांनी पाहिली.

पंप बसला, नळ बसला. वरच्या आळीच्या बायाही कळश्या घेऊन नाला ओलांडू लागल्या. मग एका सकाळी सरपंच आले, शाल आणि नारळ घेऊन. त्यांच्या शेतात जागा दाखवायची होती. नळावर दोन्ही आळ्यांची रांग होती, बापही सुट्टीवर आलेला. मी शाल घेतली नाही. नारळ घेतला आणि रांगेतल्या, मैत्रिणीच्या त्या आजीच्या हातात ठेवला. तिची बोटं वर केली, अंगठा टेकवला. नारळ उभा.

“असा मी उभा केला होता,” मी म्हणाले. “मला खालचं काही दिसत नाही. आबांनाही दिसत नव्हतं.”

आजीनं नारळ आडवा केला आणि स्वतःच पुन्हा उभा केला.

“मग ही गावाची फसवणूक झाली,” सरपंच म्हणाले.

“झाली, नाना. बोअर उचलून न्या.”

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. सरपंचांनी शालीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बोअर काही उठून नाला ओलांडायला तयार नव्हती.

इतक्या दिवसांनी बाप माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

“कळशी भरनी. सरकाव. मांगे लोके शेतस.”