युसेबियोच्या वडिलांचं नाटक

चालताना युसेबियो कायम गुणगुणत असे. कार्डिफच्या हॉस्पिटलात तो पोर्टर होता, मी तिथेच आयटीत. एकदा लिफ्टमध्ये, रिकामी व्हीलचेअर धरून उभ्या असलेल्या त्याच्या तोंडून एक चाल ऐकली आणि पुण्यात शिकलेला पाच सुरांचा धानी राग आठवला. तसं सांगितलं, तर म्हणाला, "आमच्या डोंगरात हवा विरळ. पाच सुरांतच दम संपतो."

पेरूमधल्या अँडीज पर्वतात, खाणकामगारांच्या गावात तो वाढला. तिथल्या लोकगीतांच्या चालींवर त्याच्या वडिलांनी एक संगीत नाटक रचलं होतं. खाणीत गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या आईचं. वडील गेले, वही हरवली. युसेबियो आठवून आठवून ते पुन्हा लिहीत होता. आमच्या भागातल्या चर्चच्या हॉलमध्ये त्याला ते करायचं होतं. आईचं शेवटचं गाणं तेवढं काही केल्या आठवेना. ते येत होतं फक्त हुआनाला, गावात राहिलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीला.

रविवारी दुपारी तो फोन स्पीकरवर ठेवी. हुआना दोन ओळी गाई, खोके, थांबे. मी सरगम लिहून घेई. मी पुढची ओळ मागितली की तो हात वर करी. "थांब. ती श्वास घेतेय. तोही गाण्यातलाच आहे."

प्रयोग हुआना फोनवर पाहणार होती. त्या दुपारी तो म्हणाला, गावात नेटवर्क नाही, सुरू करू या. ते गाणं मी म्हटलं, बासरीवर तो होता. दुसऱ्या कडव्यात बासरी मध्येच थांबली, मग पुन्हा सुरू झाली. हॉलमध्ये बरेच जण डोळे पुसत होते.

नंतर तो खुर्च्या आवरत असताना मी म्हटलं, हुआनाला रेकॉर्डिंग पाठवू या. तेव्हा कळलं, ती पहाटेच गेली होती.

"आम्हाला सांगायचं तरी," मी म्हणाले.

"मग तुम्ही माझ्यासाठी रडला असता. मला त्या आईसाठी रडणारे हवे होते."

पुढच्या महिन्यात तो रिटायर होऊन गावी परतणार होता. आताही जाणार का, असं मी विचारलं. जाणार म्हणाला, पण लहानपणच्या नावानं हाक मारणारं तिथे आता कोणी उरलं नव्हतं.

मी ते नाव विचारलं. त्यानं हातातली खुर्ची भिंतीशी ठेवली. मग हळूच सांगितलं. मी त्याला त्या नावानं एकदा हाक मारली.

माझा उच्चार चुकला होता. त्यानं तो सुधारला नाही.